वरून घेतलेलं तेल

माझी बायको महानंदा गेली त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. चन्नव्वा वहिनींचा फोन आला. त्या बचत गटाच्या अध्यक्षा, आणि महानंदा लग्न होऊन आली तेव्हापासूनची तिची मैत्रीण.

"आप्पा, शेडवर या. आत्ताच्या आत्ता या."

"काय झालं?"

"महानंदा खाली बसली आणि उठंना झालीय. हाक मारली की बघती, पण बोलंना."

मी ओल्या पायांनी तसाच निघालो. गटाचं शेड मंगळवेढ्यात आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. तिथे बायका शेंगाचटणी कुटतात, कडक भाकरी करतात आणि सोलापूर-पुण्याला पाठवतात. महानंदा उखळापाशी भिंतीला टेकून बसली होती. हात तिखटाचे होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मनगट कपाळाला लावलं, डोकं दुखतंय हे सांगायला. सोलापूरला पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

तिथल्या डॉक्टर हविनाळे मॅडम वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी मला बाजूला बसवलं.

"मेंदूत रक्तस्राव झाला काका. एका जागी नाही, तीन-चार जागी. त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या का?"

"नाही."

"बीपी?"

"तेही नाही. तिला काहीच नव्हतं मॅडम. तिचं कोलेस्टेरॉल तर अख्ख्या तालुक्यात सगळ्यात कमी होतं. सत्कार झाला होता तिचा."

मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या. "सत्कार? कशाबद्दल?"

"कोलेस्टेरॉल कमी असल्याबद्दल."

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. पण दहाव्यानंतर एकदा येऊन जा, आणि स्वतःचंही रक्त तपासून घ्या, एवढं म्हणाल्या.

सत्काराची गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्या करडईचं तेल आलं. कंपनीने त्याला मोठं नाव दिलं होतं, पण लोक हलकं तेल म्हणायचे. हे तेल रोजच्या जेवणात खाल्लं की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं, गोळी लागत नाही. खोटं नव्हतं ते. माझे दोन मित्र पन्नाशीच्या आत हार्टने गेले होते. त्यामुळे सगळ्यांनी हे तेल घेतलं. नंतर शेतकऱ्यांनी बीही घेतलं, कारण भाव बरा मिळायचा.

रेशन दुकानात एक यंत्र बसवलं. बोटाला चिमटा लावायचा, सुई नाही, रक्त नाही, आणि पडद्यावर वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा यायचा. जास्त असला तर लाल, कमी असला तर हिरवा. बायकांना तो नादच लागला. तुझं किती, माझं किती. चन्नव्वा वहिनी म्हणायच्या, "आयुष्यात कधी पहिला नंबर आला नव्हता, आता खालून काढते." संक्रांतीला कंपनीने हळदीकुंकू ठेवलं आणि सगळ्यात कमी आकड्याला पैठणी दिली. ती महानंदाला मिळाली. तिचा आकडा आला होता सहा. पडदा हिरवागार. फार कमी झालं तर काय दाखवायचं, हे त्या यंत्राला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

आमच्यात माती देतात. तिला ती पैठणी नेसवूनच दिली.

दहाव्यानंतर मी सोलापूरला गेलो. माझा आकडा आला तेरा. मॅडमनी तो दोनदा तपासून घेतला.

"काका, चाळीसच्या खाली गेला तरी आम्ही लक्ष ठेवतो. तेरा, सहा हे आकडे मी फक्त शिकताना वाचलेत." मग त्यांनी मला समजावलं. मी चाळीस वर्षं नगरपरिषदेच्या पंपावर होतो, म्हणून त्या पाण्याच्या भाषेत बोलल्या. लिव्हरच्या पेशींवर बारीक हुक असतात. रक्तातून जाणारं कोलेस्टेरॉल ते ओढून आत घेतात. शरीरातच एक प्रोटीन तयार होतं, ते हे हुक मोडत राहतं. त्या करडईचं वाणच असं बनवलंय, की तिच्या बियांत एक द्रव्य येतं आणि त्याने ते प्रोटीन तयारच होत नाही. हुक मोडायचे थांबतात, वाढत जातात, आणि रक्त साफ होतं.

"मग चांगलंच की."

"काही मर्यादेपर्यंत चांगलं. कोलेस्टेरॉल म्हणजे नुसता गाळ नाही काका. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते लागतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतही."

मला जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी आम्ही गावातल्या जुन्या लाइनीला ॲसिड फिरवलं होतं. आतला चुना सगळा निघाला, पाणी जोरात आलं, लोक खूश झाले. आठवड्याने लाइन जागोजागी फुटली. मूळची भिंत झिजून गेली होती. चुन्यानेच ती धरून ठेवली होती.

"पण तेल तर सगळीकडे खातात," मी म्हणालो. "पुण्यात, मुंबईत. तिथं कुणाला असं झालं नाही."

"तेच मला कळत नाहीये. महिन्याला किती तेल लागतं तुम्हाला?"

"इतरांएवढंच. फोडणीला तर कमीच. बाकी वरून."

"वरून म्हणजे?"

मी टेबलावर हाताने दाखवलं. ही भाकरी. हा चटणीचा ढीग. बोटाने मध्ये आळं करायचं आणि त्यात कच्चं तेल ओतायचं. सकाळी, संध्याकाळी. कांद्यावर, ठेच्यावर, वरणावरसुद्धा.

मॅडम माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मीपण तसंच खाते."

त्या अक्कलकोटच्या. लहानपणापासून तेच जेवण. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावले. दुपारपर्यंत उलगडा झाला. कंपनीने मात्रा ठरवताना धरलं होतं की तेल तापवलंच जाणार. कढईच्या उष्णतेने ते द्रव्य बहुतेक नष्ट होतं, दहातला एखादा भाग उरतो, आणि तेवढ्याने काम होतं. चाचण्या झाल्या त्या शहरांत सगळे तेल तापवूनच खात होते. कच्चं तेल कोणी पानात ओतून घेत असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आम्हाला ते सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

"आजपासून बंद केलं तर किती दिवसांत त्याचा असर उतरेल?" मी विचारलं.

"द्रव्य लिव्हरच्या पेशीत साठून राहतं. एका मात्रेचा परिणाम सहा महिने टिकतो. तुमच्या पोटात तर तीन वर्षांचं साठलंय. घरात अजून कोण आहे?"

घरात शर्वाणी होती. माझी मुलगी. तिला सातवा महिना होता.

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती येणारच होती, आईच्या मातीला आली ती राहिली. परतताना बसमध्ये माझं डोकं दुखायला लागलं. खिडकीची काच कपाळाला लागून दुखलं असेल. पण मी सीटचा दांडा घट्ट धरून बसलो, मान हलवली नाही. आता काही झालं तर तिला कोण सांगणार, एवढंच मनात होतं. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक वेळी डोकं दुखलं की मी तसाच बसतो.

घरी आलो तर शर्वाणी स्वयंपाकघरात खाली बसून जेवत होती. पाटावर भाकरी आणि स्टीलचा डबा.

"आप्पा, जेवा की. भाकरी गरम आहे."

"तो डबा इकडे दे."

"घ्या की चटणी. थोडीच घ्या पण."

"खायला नाही. डबा दे शर्वाणी. पानातलंही ठेव."

ती हसली. "काय झालं? डॉक्टरनं पथ्य दिलं का तुम्हाला? मग मला कशाला उपाशी मारताय?" मग माझं तोंड बघून तिने डबा पोटाशी धरला. "आप्पा, ही अव्वाच्या हातची शेवटची आहे. चमचा चमचाच खाते मी. संपू नये म्हणून." आईला ती अव्वा म्हणायची.

पोटातल्या बाळाच्या आईला हे कसं सांगायचं मला माहीत नव्हतं. असल्या गोष्टी महानंदा सांगायची. मी पंपावर बिघाड सांगायचो तसं सांगून टाकलं. तेलात काय आहे, ते कसं चढतं, अव्वाला काय झालं. चटणी कुटतानाच त्यात ते तेल घालतात, हेही.

ती पान बाजूला सारत म्हणाली, "तिसऱ्या महिन्यापासून मला दुसरं काही पोटात राहत नव्हतं. भाकरी, चटणी, वर तेल. अव्वा पुण्याला डबे पाठवायची. खा म्हणायची, सुखरूप सुटशील."

"तिला काय माहीत?"

"मी तिला दोष देतेय असं वाटतंय का तुम्हाला?" ती एकदम ओरडली. "ती असती तर मी तिला विचारलं असतं आता काय करू. तुम्हाला काय विचारू?"

तिने डबा जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिचा आकडा अकरा निघाला. हविनाळे मॅडमनी सोनोग्राफी केली. बाळ नीट होतं. हात, पाय, डोकं, हृदय. शर्वाणीला बरं वाटलं. मी मॅडमना दाराबाहेर गाठलं.

"म्हणजे धोका नाही ना?"

"काका, सोनोग्राफीत मेंदूचा आकार दिसतो. तो काम कसा करील ते दिसत नाही. बाळाच्या मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, भरपूर लागतं. सुरुवातीचे महिने ते आईकडूनच येतं. नंतर बाळ स्वतः तयार करतं. याचं काय झालंय ते जन्मल्यावर कळेल. कदाचित तेव्हाही लगेच नाही. आणि बाळंतपण घरी, गावात नको. इथेच आणा. रक्त थांबलं नाही तर हाताशी सगळं पाहिजे."

जावई गुरुराज फोनवर म्हणाला, "आप्पा, कोलेस्टेरॉल कमी असणं वाईट, असं मी आजवर ऐकलं नाही. तुम्ही दुःखात आहात म्हणून…"

"तुमच्या सासूचंही सगळ्यात कमी होतं," मी म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला.

मी शेडवर गेलो. बायका काम करत होत्या. मी आल्यावर उखळ थांबलं. महानंदाची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वरून तेल घ्यायचं बंद करा, चटणीत घालायचंही बंद करा.

एक जण म्हणाली, "मग भाकरी कशाशी खायची ओ आप्पा? पाण्याशी?"

दुसरी म्हणाली, "तापवून घेऊ की वरून."

"तापवलेल्या तेलाला कच्च्याची चव येती का गं? तुझ्या नवऱ्याला फसव, मला नको सांगू."

थोड्या हसल्या. चन्नव्वा वहिनी हसल्या नाहीत. "आप्पा, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण चटणीत विष हाय असं बाहेर गेलं तर उद्या पुण्याचा एक डबा उठायचा नाही. ह्या बायकांच्या चुली त्यावर हायत. तुम्हाला पेन्शन हाय."

"ते खरं आहे," मी म्हणालो. "तुमचा आकडा किती आहे वहिनी?"

बाजूची बाई म्हणाली, "सात. महानंदाक्काच्या मागं आता ह्यांचाच नंबर."

चन्नव्वा वहिनी उठल्या. तेलाचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाल्या, "आठ दिवसांपासून माझं डोकं दुखतंय. मी कुणाला बोलले नाही." आणि मग त्या रडायला लागल्या. महानंदाच्या मातीलासुद्धा त्या रडल्या नव्हत्या.

त्यांना मी दुसऱ्या दिवशी सोलापूरला नेलं. त्या अजून आहेत. डोकं अजून दुखतं.

आम्हाला वाटलं होतं की हलकं तेल बंद केलं की झालं. जुन्या करडईचं तेल आणू. ओळखीच्या एका घाण्यावाल्याने नवं बी कधीच लावलं नव्हतं. घरचं बी, घरचा घाणा. त्याचं तेल मी आणलं, खात्री म्हणून थोडं मॅडमकडे दिलं. त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्या तेलातही ते द्रव्य निघालं. हलक्या तेलाएवढं नव्हतं, पण होतं.

घाण्यावाला माझ्यावर चिडला. "माझ्या बापजाद्याचं बी आहे हे. कुणाचा हात लागू दिला नाही मी."

"हात नाही लागला," मी म्हणालो. मॅडमनी सांगितलं होतं ते सांगितलं. करडई फुलली की मधमाश्या पराग घेऊन या रानातून त्या रानात जातात. त्यांना बांध कळत नाही.

त्याने घाण्याकडे बघितलं. खाली पेंड पडली होती. "ही पेंड मी गावातल्या सगळ्या गोठ्यांत देतो," तो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत मी आमच्या घरातलं कोण कोण हे खातं एवढंच मोजत होतो. तिथे उभा राहून मला पहिल्यांदा कळलं, की हे डब्यात नव्हतंच. रानात होतं. तिथून कुठे कुठे गेलं हे मोजायची सोय नव्हती.

काल सकाळी शर्वाणीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले होते. गुरुराजने गाडी काढली. वाटेत ती माझा हात धरून होती. "आप्पा, बोलत राहा. काहीपण बोला." मी तिला पंपाच्या गोष्टी सांगितल्या. मोटर जळाल्याच्या, व्हॉल्व्ह अडकल्याच्या. ती म्हणाली, "अव्वा म्हणायची तुम्हाला दुसरं काही बोलताच येत नाही." आणि हसली आणि कळ आली.

मी दाराबाहेर बसलो होतो. आत रक्त नेताना मी बघितलं. पिशवी, मग दुसरी पिशवी. गुरुराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. शर्वाणीही आईसारखीच जाणार असं मला वाटलं. मनातल्या मनात तिला कोणती साडी नेसवायची इथपर्यंत मी जाऊन आलो. मग मूल रडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या.

"मुलगी आहे. शर्वाणी ठीक आहे. रक्त थांबलंय."

मी खाली बसलो.

"बाळ?"

"रडतंय, हालचाल चांगली आहे. टाचेतून रक्त घेतलंय. त्याचं कोलेस्टेरॉल कमी आहे. फार कमी आहे. आता पुढचा प्रश्न दुधाचा आहे."

शर्वाणीला दूध उतरलं होतं. आईच्या दुधात बाळाच्या मेंदूला लागणारं कोलेस्टेरॉल असतं, मॅडम म्हणाल्या, पण हिच्या दुधात ते किती असेल माहीत नाही. तेलातलं ते द्रव्य स्निग्धातच लपलेलं असतं आणि दूधही स्निग्धच. ते उतरलं असेल तर प्रत्येक घोटाबरोबर बाळाच्या लिव्हरमध्ये जाईल. असल्या आईचं दूध आजवर कोणी तपासलेलं नाही. नमुना पुण्याला गेला आहे.

"गाईचं?" गुरुराजने विचारलं.

मी म्हणालो, "गाईला पेंड."

तो खाली औषधाच्या दुकानात गेला आणि पावडरीचा डबा घेऊन आला. जिन्यातच उभा राहून तो डब्याच्या मागचं वाचत होता. मला दाखवला. पहिल्या ओळीत दुधाची पावडर, दुसऱ्या ओळीत खाद्य वनस्पती तेल. कोणतं तेल ते लिहिलं नव्हतं. त्याने कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून यंत्राने सांगितलं की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मॅडमनी मालवणकडच्या एका हॉस्पिटलातल्या दूधपेढीशी बोलून घेतलं आहे. तिकडच्या बायका खोबरेल खातात, करडई तिकडे होत नाही. दूध बर्फात घालून गाडीने निघालं आहे. तोवर बाळाला सलाइन लावलं आहे. गाडी अजून यायची आहे.

शर्वाणी बाळाला छातीशी घेऊन बसली आहे. मी आत गेलो तेव्हा बाळ तोंड वळवून शोधत होतं. शर्वाणीचा गाऊन पुढून भिजला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "एकदाच पाजते. थोडंसं. तिला भूक लागलीय, बघा ना. अव्वा असती तर काय म्हणाली असती?"

महानंदा पाज म्हणाली असती. मला खात्री आहे.

"थांब," मी म्हणालो.

"किती थांबू?"

मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो आणि बाळाच्या तोंडात माझ्या करंगळीचं टोक धुऊन दिलं. ते ओढायला लागलं. चांगला जोर होता. थोड्या वेळाने त्याला कळलं की यात काही नाही, आणि ते रडायला लागलं.

बाळाला अजून कोणीही पाजलेलं नाही.